इंग्रजीतले अलंकार: व्याख्या पाठ न करता कसे शिकायचे

ठाण्यातल्या कुठल्याही दहावी-बारावीच्या मुलाची इंग्रजीची वही मागून उघडा. शेवटच्या दोन-तीन पानांवर एक यादी असते: ॲलिटरेशन, अँटिथिसिस, अपॉस्ट्रफी... एबीसीडीच्या क्रमाने, प्रत्येकापुढे दीड ओळीची व्याख्या आणि तिच्याखाली गाइडमधलं एकुलतं एक उदाहरण. परीक्षेच्या आदल्या रात्री ही यादी घोकली जाते. दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ भलतीच येते आणि मुलगा ‘मेटॅफर’ ठोकून मोकळा होतो.

यात गोची अशी आहे की व्याख्या नावाकडून ओळीकडे जाते. पेपरात मात्र ओळ समोर असते आणि नाव शोधायचं असतं. उलट्या दिशेने केलेली तयारी ऐन वेळी हाताशी येत नाही.

मी ठाण्यात मराठी आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. या मुलांकडे दोन गोष्टी आधीपासून असतात आणि इंग्रजीच्या तासाला त्यांना कोणी हात लावत नाही: मराठीच्या तासाला शिकलेले अलंकार आणि देवनागरी लिपी. दोन्ही कामाला लावायच्या. आणि जिथे मराठी कान हमखास चकवतो, त्या जागा आधीच ओळखून ठेवायच्या. खालची सगळी रीत एवढ्यावरच उभी आहे.

पहिली पायरी: मराठीची वही काढा

उपमा शिकताना उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द अशी चार अंगं तुम्ही शिकलात. ‘तलावपाळीचं पाणी आरशासारखं स्वच्छ’ या वाक्यात पाणी उपमेय, आरसा उपमान, स्वच्छपणा साधारण धर्म आणि ‘सारखं’ हा साधर्म्यवाचक शब्द. इंग्रजीत सिमिली समजावून सांगताना हेच चार तुकडे सांगायचे असतात. गाइडमधली व्याख्या एवढं फोडून सांगत नाही. म्हणून हे विश्लेषण इंग्रजीच्या वहीतही मराठीतच करा, उत्तर लिहिताना भाषा बदला.

सरळ जुळणाऱ्या जोड्या अशा. सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपर्बली म्हणजे अतिशयोक्ती, पन म्हणजे श्लेष, पॅरडॉक्स म्हणजे विरोधाभास. यांवर वेळ घालवू नका, हे तुम्हाला येतं. उत्प्रेक्षेला मात्र इंग्रजीत शाळेच्या पातळीवर वेगळं नाव नाही. ‘ॲज इफ’ किंवा ‘ॲज दो’ दिसलं की ते सिमिलीतच धरतात.

दुसरी पायरी: यादी फाडा, चार प्रश्न लिहा

एबीसीडीच्या क्रमाला अर्थ नाही. त्याऐवजी वहीच्या एका पानाचे चार भाग करा आणि प्रत्येकावर एकेक प्रश्न लिहा.

एक, कशाची तुलना चाललीय का? इथे सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन. दोन, कानाला काही जाणवतं का? ॲलिटरेशन, ऑनोमॅटोपिया, रिपिटिशन, राइम. तीन, बोललंय एक आणि म्हणायचंय दुसरं, असं आहे का? आयरनी, हायपर्बली, युफेमिझम (कटू गोष्ट सौम्य शब्दांत सांगणं), पन, मेटॉनिमी, सिनेक्डकी. चार, शब्दांची मांडणी मुद्दाम केलीय का? इन्व्हर्जन, अँटिथिसिस, ऑक्सिमोरॉन, क्लायमॅक्स (चढत जाणारी मांडणी), अँटिक्लायमॅक्स (चढता चढता एकदम घसरणारी), ट्रान्सफर्ड एपिथेट.

ओळ आली की हे चार प्रश्न याच क्रमाने विचारायचे. पन आवाजाच्या खणात टाकायचा की अर्थाच्या, असले वाद घालत बसू नका. तुम्हाला जिथे सापडेल तिथे ठेवा.

तिसरी पायरी: आवाजाचं काम देवनागरीकडे द्या

ॲलिटरेशनमध्ये सर्वांत जास्त चुका स्पेलिंगमुळे होतात. मुलं अक्षर बघतात, पण अलंकार आवाजाचा असतो. सोपा उपाय: संशय आला की शब्द देवनागरीत लिहा. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ या दोन्हींच्या स्पेलिंगची सुरुवात सी या अक्षराने होते, देवनागरीत मात्र एक स आणि एक क. ॲलिटरेशन नाही. ‘फोन’ आणि ‘फॅन’ची पहिली अक्षरं वेगळी, पण देवनागरीत दोन्ही फ. म्हणजे आहे. ‘नाइफ’चं स्पेलिंग के ने सुरू होतं, तरी तो ‘नाइट’ किंवा ‘नोज’शी जुळतो, ‘काइट’शी जुळत नाही. ‘सी’ आणि ‘शिप’ दोन्ही एस ने सुरू होतात, पण स आणि श वेगळे. ‘वन’ आणि ‘विंडो’ जुळतात, हे इंग्रजी लिपीत बघून कोणाला सुचणार?

एकच काळजी घ्या. आपण बोलताना ‘व्हॅली’ आणि ‘वॉटर’ एकाच व ने म्हणतो. इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. लिहिताना व्ह आणि व हा फरक पाळलात तर फसणार नाही.

मराठीतल्या अनुप्रासात अक्षर ओळीत कुठेही पुन्हा आलं तरी चालतं. ॲलिटरेशनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा आवाज बघतात. मधे-मधे स्वर पुन्हा येत असतील तर त्याला असोनन्स म्हणतात.

राइम स्कीमलाही हीच युक्ती लागू पडते. ‘कम’ आणि ‘होम’ यांची शेवटची तीन अक्षरं इंग्रजीत सारखी आहेत, पण यमक जुळत नाही. ‘थ्रू’, ‘ब्ल्यू’ आणि ‘शू’ यांची शेपटं इंग्रजीत तीन तऱ्हांची, आणि तिन्ही जुळतात. ओळीचा शेवटचा शब्द समासात देवनागरीत लिहा, शेवटचा स्वर आणि त्यापुढचा आवाज सारखा असेल तर तेच अक्षर द्या, नवा आवाज आला की पुढचं. ए, बी, सी आपोआप पडत जातात.

ऑनोमॅटोपियाबद्दल फार सांगायला नको. खळखळ, सळसळ, कडकड, रिमझिम यांवर वाढलेल्या माणसाला ‘हिस’, ‘बझ’, ‘स्प्लॅश’, ‘क्लँक’ शिकवावे लागत नाहीत.

चौथी पायरी: जिथे मराठी कान झोपतो

ती जागा म्हणजे इन्व्हर्जन. हुशार मुलंसुद्धा हा अलंकार सोडून देतात, कारण मराठीत शब्दांचा क्रम बराच मोकळा असतो. ‘पाऊस आला’, ‘आला पाऊस’, दोन्ही आपल्याला नैसर्गिक वाटतात. इंग्रजीत मात्र आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म, असा क्रम घट्ट बसवलेला आहे. तो मोडला की इंग्रजी कानाला खटकतं आणि कवीला तेच हवं असतं. आपल्या कानाला काहीच खटकत नाही, म्हणून डोळ्यांनी तपासायचं.

तपासणी अशी: कवितेची ओळ साध्या गद्यात, वर्तमानपत्रात आली असती तशी लिहा. ‘डार्क वॉज द क्रीक’ हे गद्यात ‘द क्रीक वॉज डार्क’ होईल. क्रम बदलला ना? मग इन्व्हर्जन आहे. कर्ता पुढे गेला की मागे, क्रियापद कुठे सरकलं, एवढंच स्पष्टीकरणात लिहायचं. प्रश्नार्थक वाक्यातही क्रम बदलतो, पण तो व्याकरणाने बदलतो, अलंकार म्हणून मोजत नाहीत. कवितेतली जवळपास प्रत्येक दुसरी ओळ या तपासणीतून काढा. कंटाळवाणं आहे, पण हमखास मार्क देणारं आहे.

पाचवी पायरी: जुळ्या भावंडांची ओळख

इथे थांबून वेळ द्या, कारण चुका इथेच होतात.

सिमिली की साधी तुलना? ‘लाइक’ दिसला की सिमिली, हे अर्धसत्य आहे. ‘ही बोल्स लाइक हिज ब्रदर’ यात एका बोलरची तुलना दुसऱ्या बोलरशीच आहे, अलंकार नाही. ‘मी तुझ्याइतका उंच आहे’ याला आपण मराठीत उपमा म्हणतो का? दोन गोष्टी मुळात वेगवेगळ्या जातीच्या हव्यात. आणि ‘आय लाइक मँगोज’ मधला ‘लाइक’ तर क्रियापद आहे. ही चूक कोणी करणार नाही असं वाटतं, पण घाईत होते.

पर्सॉनिफिकेशन की अपॉस्ट्रफी? वाऱ्याबद्दल बोलताना त्याला माणसासारखं वागवलं तर पर्सॉनिफिकेशन: ‘द विंड नॉक्ड ऑन एव्हरी डोअर’. वाऱ्याशीच थेट बोललं तर अपॉस्ट्रफी: ‘ओ विंड, गो होम!’ ऐकू न येणाऱ्या वस्तूला, समोर नसलेल्या किंवा हयात नसलेल्या माणसाला, नाहीतर एखाद्या कल्पनेला हाक मारली की अपॉस्ट्रफी. हाक कुठे आहे ते शोधा.

मेटॉनिमी की सिनेक्डकी? दोन्हींत एका गोष्टीचं नाव घेऊन दुसरी सांगतात. ‘मंत्रालयाने परिपत्रक काढलं’ म्हणताना इमारतीने काही काढलेलं नसतं. इमारत आणि तिथली माणसं यांचा फक्त संबंध आहे. ही मेटॉनिमी. ‘घरात खाणारी सहा तोंडं’ म्हणताना तोंड हा माणसाचाच भाग आहे. ही सिनेक्डकी. भाग आहे की नुसता संबंध, एवढं विचारा. उलटही चालतं: ‘इंडिया वन द मॅच’ म्हणजे अकरा जण जिंकले, नाव अख्ख्या देशाचं घेतलं. हीसुद्धा सिनेक्डकी. आणि ‘दहीहंडीला अख्खं ठाणं रस्त्यावर होतं’ म्हणालात तर शहराचं नाव घेऊन माणसं सांगितली म्हणून मेटॉनिमी, आणि अख्खं शहर काही रस्त्यावर मावत नाही म्हणून हायपर्बलीही. एका ओळीत दोन अलंकार असू शकतात. पेपरात एकच विचारला असेल तर ज्याचं स्पष्टीकरण नीट देता येतं तो लिहा.

ट्रान्सफर्ड एपिथेट हा माझा आवडता. विशेषण असतं एकाचं आणि लावलेलं असतं दुसऱ्याला. ‘अ स्लीपलेस नाइट’ मध्ये झोप माणसाला लागलेली नाही, पण विशेषण रात्रीला लावलं. ‘ही पेस्ड द वरिड प्लॅटफॉर्म’ यात काळजीत प्रवासी आहे, बिचारा फलाट नाही. विशेषणालाच विचारा, ‘तू खरं तर कोणाचं?’ उत्तरात जवळपासचा माणूस आला तर ट्रान्सफर्ड एपिथेट. माणूस कुठेच नसेल आणि ‘द अँग्री सी’ सारखा समुद्रच रागावलेला असेल तर पर्सॉनिफिकेशन.

विरोधाचे तीन प्रकार. दोनच शब्द शेजारी उभे राहून भांडत असतील तर ऑक्सिमोरॉन: ‘ओपन सीक्रेट’. पूर्ण वाक्य वरवर अशक्य वाटून विचारांती खरं ठरत असेल तर पॅरडॉक्स: ‘द मोअर यू गिव्ह, द मोअर यू हॅव’. दोन विरुद्ध गोष्टी समोरासमोर तोलून ठेवल्या, पण त्यांत भांडण काहीच नाही, तर अँटिथिसिस: ‘द हिल्स आर ओल्ड, द टॉवर्स आर न्यू’. घोडबंदर रोडवरून येऊरच्या डोंगरांकडे बघा, वाक्य तयारच आहे.

आयरनीचेही तीन प्रकार आहेत. पावसाळ्यात खड्ड्यातून रिक्षा आपटत जाते आणि कोणीतरी ‘व्हॉट अ स्मूथ रोड!’ म्हणतं, ती व्हर्बल आयरनी. आग विझवणाऱ्यांच्याच घराला आग लागली तर सिच्युएशनल. नाटकात नवरा कपाटात लपलाय हे प्रेक्षकांना ठाऊक आणि बायकोला नाही, ती ड्रॅमॅटिक. गडकरी रंगायतनमध्ये एखादं फार्सिकल नाटक बघितलेल्या मुलाला ही शेवटची आयरनी समजावून सांगावी लागत नाही. तो तेव्हा हसलेलाच असतो.

सहावी पायरी: एकच गोष्ट, अनेक अलंकार

ओळखण्यापेक्षा बनवण्याने अलंकार लवकर पक्के होतात. एक साधी खरी गोष्ट घ्या आणि तिला एकेक अलंकार चढवा. आपल्या गावाची गोष्ट हाताशी आहे: १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली. अंतर ३४ किलोमीटर, चौदा डबे, सुमारे ४०० प्रवासी, आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान.

इंजिनांची नावंच बघा, तिन्ही स ने सुरू. ॲलिटरेशन तिथेच मिळालं. आता पुढची वाक्यं सरावासाठी आपण रचू. सिमिली: ‘द स्मोक रोज लाइक अ मान्सून क्लाउड’. मेटॅफर: ‘द ट्रेन वॉज ॲन आयर्न स्नेक’. पर्सॉनिफिकेशन: ‘द इंजिन्स ग्रंबल्ड ऑल द वे’. अपॉस्ट्रफी: ‘ओ सुलतान, पुल अस होम!’ इन्व्हर्जन: ‘इंटू ठाणे केम द ट्रेन’. मेटॉनिमी: ‘बॉम्बे केम टु ठाणे दॅट डे’. ट्रान्सफर्ड एपिथेट: ‘फोर हंड्रेड नर्व्हस टिकेट्स’. हायपर्बली: ‘द व्हिसल वोक द होल वर्ल्ड’. अँटिथिसिस: ‘द रोड वॉज स्लो, द रेल वॉज स्विफ्ट’. अँटिक्लायमॅक्स: ‘द गन्स रोअर्ड, द बँड प्लेड, अँड समबडी स्नीझ्ड’.

आता तुम्ही दुसरी गोष्ट घ्या. नवी मुंबईत राहत असाल तर खाडीतले फ्लेमिंगो आहेत. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोली किंवा नेरूळच्या बाजूने हिवाळ्यात एकदा बघून या आणि गुलाबी रंगावर सिमिली न लिहिता बाकीचे अलंकार लिहा. सिमिली कोणालाही सुचते. श्लेषासाठी चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यात जा: ‘कसा काय धंदा?’ असं विचारल्यावर इंग्रजीत उत्तर मिळालं असतं, ‘ऑल नेट अँड नो प्रॉफिट!’ नेट म्हणजे जाळंही आणि निव्वळही.

सातवी पायरी: उत्तर लिहिणं

नुसतं नाव लिहून अर्धंच काम होतं. प्रश्नात बहुधा नाव सांगा आणि स्पष्ट करा, असं दोन्ही असतं. स्पष्टीकरणात ओळीतले शब्द आलेच पाहिजेत. ‘इट इज अ कम्पॅरिझन बिट्वीन टू थिंग्ज’ ही व्याख्या झाली. ‘द ट्रेन इज इंडायरेक्टली कम्पेअर्ड टु अ स्नेक’ हे स्पष्टीकरण झालं. मेटॅफरसाठी ‘इंडायरेक्टली’, सिमिलीसाठी ‘डायरेक्टली’ आणि पुढे ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ या शब्दाचा उल्लेख. पर्सॉनिफिकेशनला कोणत्या निर्जीव वस्तूला माणसाचा कोणता गुण दिला ते. ॲलिटरेशनला कोणता आवाज, कोणत्या शब्दांत. ट्रान्सफर्ड एपिथेटला विशेषण कोणाचं आणि लावलं कोणाला.

दहावीच्या रसग्रहणात शीर्षक, कवी, राइम स्कीम, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे असतात. सरावासाठी मासुंदा तलावावर रचलेल्या या चार ओळी घ्या:

स्टिल ले द लेक बिनीथ द रेन,
द बोट्स हॅड गॉन टु बेड,
अँड फार अवे अ लेट-नाइट ट्रेन
वेंट हम्मिंग होम अहेड.

आधी राइम स्कीम. रेन, बेड, ट्रेन, अहेड: ए बी ए बी. ‘बेड’ आणि ‘अहेड’ची स्पेलिंगं जुळत नाहीत, देवनागरीत जुळतात. पहिली ओळ गद्यात लिहिली तर ‘द लेक ले स्टिल’ झाली असती, पण कवितेत ‘स्टिल’ पुढे आलाय, म्हणजे इन्व्हर्जन. दुसरीत होड्या झोपायला गेल्या, हे माणसाचं काम, म्हणून पर्सॉनिफिकेशन. ‘बोट्स’ आणि ‘बेड’मध्ये ब चं ॲलिटरेशन. चौथीत ‘हम्मिंग होम’ मध्ये ह पुन्हा आला, आणि ‘हम’ हा शब्द स्वतःच गुणगुणतो, म्हणून ऑनोमॅटोपियाही.

पहिल्या ओळीत ‘ले’ आणि ‘लेक’मध्ये ल चं ॲलिटरेशनही आहे.

गद्य आणि नाटकाच्या संज्ञा

यांना फारसा सराव लागत नाही. सलिलक्वी म्हणजे नाटकातलं लांब स्वगत. फ्लॅशबॅक सगळ्यांना येतो. फोरशॅडोइंग म्हणजे पुढे घडणाऱ्याची आधीच दिलेली चाहूल. फ्री व्हर्स म्हणजे मुक्तछंद, बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गीत, आपल्या पोवाड्याच्या जवळचं. सॉनेट चौदा ओळींचं असतं, आणि मराठीत सुनीत म्हणून ते तुमच्या ओळखीचं असेल.

उच्चार आणि स्पेलिंग

उच्चार चुकला की स्पेलिंगही चुकतं, म्हणून नावं मोठ्याने म्हणा. ‘सिमिली’ तीन अक्षरी म्हणा, नाहीतर वहीत ‘स्माइल’ उमटते. ‘हायपरबोल’ नाही, ‘हायपर्बली’. ‘सिनेक्डकी’चं शेवट सी एच ई असं लिहितात, पण उच्चार ‘की’. ॲलिटरेशनमध्ये सुरुवातीला दोन एल. राइममध्ये आर नंतर एच, मग वाय. ऑनोमॅटोपिया चार तुकड्यांत पाडा: ओ एन ओ, एम ए टी ओ, पी ओ ई, आय ए. तरीही पेपरात हात अडला आणि ओळ ‘बझिंग बीज’ असेल, तर तिथे ब चं ॲलिटरेशनही आहे. ज्याचं स्पेलिंग येतं तो अलंकार लिहा.